बिडकीनची एक बाई

नानासाहेब वारले दिवाळीत आणि कमरभाईंना ते कळलं ईदला. मधल्या सगळ्या शुक्रवारी नानासाहेब त्यांच्याशी बोलत होते, म्हणून हा घोळ झाला.

म्हणजे असं. नानासाहेब कॉलेजात मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्या लावतात, नातवंडं सांभाळतात. यांनी इंटरनेटवर रेडिओ काढला. मराठवाड्यातल्या बायका लग्नात, बारशात, शेतात जे काही म्हणतात ते गावोगाव हिंडून गोळा करायचं आणि वाजवायचं. वेबसाइट उघडली की जुनाट माइकचं चित्र यायचं, त्याखाली एक गोल बटण. दाबलं की त्या घटकेला जे चालू असेल ते ऐकायचं. मागचं ऐकायची सोय नाही, उतरवून घ्यायची तर मुळीच नाही. मी एकदा विचारलं होतं की सर, हे असं का? तर म्हणाले, "फकिरा, लग्नातलं गाणं वेळेवर जाऊनच ऐकावं. साठवून ठेवलं की माणूस ऐकत नाही." वाक्य झकास होतं. असल्या झकास वाक्यांनी पुढे कुणाचं वाटोळं होतं ते बघायला बोलणारा जागेवर नसतो.

शुक्रवारी दुपारी त्यांचा 'लग्नघर' नावाचा कार्यक्रम लागायचा. दर आठवड्याला तीच गाणी, त्याच क्रमानं, आणि मध्ये मध्ये नानासाहेबांचा आवाज. त्यांनी ते सगळं एकदाच बोलून ठेवलं होतं आणि यंत्राला वेळ लावून दिली होती. त्यामुळे माणूस गेला तरी रेडिओ बिनचूक वाजत राहिला.

कमरभाई म्हणजे कमरोद्दीन. आम्ही दोघं वाळूजच्या एकाच कारखान्यात होतो, कंपनीच्या बसमध्ये आमची सीटही शेजारीशेजारी. त्यांची बायको दोन वर्षांमागे किडनीच्या दुखण्यानं गेली. मुलगी उजमा परभणीला दिलेली. घरात हे एकटेच. शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून ते घरी आले की मी त्यांच्याकडे जायचो आणि आम्ही पंख्याखाली बसून 'लग्नघर' ऐकायचो. माझं गाण्याशी तसं काही देणंघेणं नाही. पण त्यात भाभींचं एक गाणं होतं, आणि कमरभाईंना ते एकट्यानं ऐकवत नव्हतं.

ते गाणं नानासाहेबांनी बिडकीनला घेतलेलं. भाभींच्या भावाकडे लग्न होतं आणि नानासाहेब त्या भावाचे सर. बायका आत ढोलक घेऊन बसलेल्या, पुरुष मांडवाबाहेर. भाभींचा आवाज ऐकून नानासाहेबांनी यंत्र आत पाठवलं. भाभींनी अट घातली की आवाज घ्या, नाव कुठं घ्यायचं नाही. नानासाहेब शब्दाचे पक्के. रेडिओवर ते म्हणायचे, "आता ऐकू या बिडकीनची एक बाई." आणि ढोलक सुरू व्हायची.

कमरभाईंनी उभ्या जन्मात बायकोला नावानं हाक मारली नव्हती. "उजमाची अम्मी" म्हणायचे, नाहीतर नुसतं "अजी". त्यात नवल काही नाही, मीही घरी "अगं"च्या पुढे गेलेलो नाही. पण भाभी गेल्यापासून रेडिओवर "बिडकीनची एक बाई" आलं की कमरभाई ताडकन म्हणायचे, "अनिसा. अनिसा नाव होतं तिचं." दर शुक्रवारी, आणि दर शुक्रवारी तेवढ्याच रागानं. भाभींचं नाव मलाही तेव्हाच कळलं.

मग गाणं. सासरी निघालेली मुलगी म्हणते, "डोली उठाको ले जारें, चुल्हे की राख तो ठंडी होने देव." सकाळी आईच्या चुलीवर शेवटचा चहा मीच केला, ती राख तरी थंड होऊ द्या की. एवढंच गाणं. ओळ फिरून फिरून येते आणि तिसऱ्यांदा येते तेव्हा भाभींचा आवाज 'राख'वर जरा चिरकतो. तिथे कमरभाई हात वर करून म्हणायचे, "वाह!"

एकदा मी म्हटलं, "कमरभाई, रेडिओला ऐकू येत नाय."

"तिला येतं," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी मांडवाबाहेर सासरा उभा, मेहुणे उभे. आपल्याच बायकोच्या गाण्याला दाद कशी देणार? ते ओठ दाबून उभे राहिले. रात्री भाभी म्हणाल्या, "बाहेरून सगळ्यांचं वाह आलं. तुमचं नाय आलं."

"त्यावर मी काय बोललो ठावं का?" कमरभाई म्हणाले. "म्हटलं, दिवा बंद कर. झोप आली."

तर यंदाच्या ईदला ते शीरखुर्म्याचा डबा घेऊन नानासाहेबांकडे निघाले, दर वर्षासारखे. मलाही ओढून नेलं. दार नानासाहेबांच्या मुलानं उघडलं, सत्यमनं.

"सर हायेत का?"

सत्यम आमच्या तोंडाकडे बघत राहिला. "चाचा, बाबा दिवाळीतच गेले."

"कुठं गेले?"

कमरभाई म्हणाले, "अरे, परवा शुक्रवारी तर बोलले की!"

मलाही हे आत्ताच कळत होतं, तरी हसू फुटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. सत्यमनं आम्हाला आत बसवलं. शीरखुर्मा त्याच्या हातात तसाच. कमरभाई बराच वेळ नुसते "इन्ना लिल्लाही" म्हणत मान हलवत राहिले. मग सत्यमनंच विषय काढला, काढला नसता तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. म्हणाला, "तो रेडिओपण महिनाअखेर बंद होईल, चाचा. इंटरनेटवरच्या जागेचं भाडं बाबांनी तिथवरच भरलंय."

"म्हणजे गाणी?"

"ती तिकडंच. बाबांच्या कम्प्युटरवर होती, पण घराला रंग दिला तेव्हा तो भंगारात गेला. चालतच नव्हता."

कमरभाई म्हणाले भाडं मी भरतो. सत्यम म्हणाला पैशाचा प्रश्न नाही, पासवर्ड बाबांबरोबर गेला. नवीन मागितला तर ओटीपी येतो बाबांच्या नंबरवर. आणि बाबांचा नंबर? तो त्यानं गेल्याच महिन्यात बंद केला होता. मेलेल्या माणसाला रिचार्ज कशाला मारायचा? त्याचंही खोटं नव्हतं. भाडं घेणाऱ्या कंपनीला दोनदा मेल टाकला, म्हणाला, उत्तर नाही. मी त्याला चार शब्द सुनावणार होतो, पण तो इतका ओशाळा होऊन बसला होता की जीभ उचलेना.

बाहेर आल्यावर कमरभाईंनी फोन काढून मला दाखवला. "घाबरायचं कारण नाय, फकिरभाऊ. रेडिओ माझ्या फोनमध्ये हाय. हे बघा." फोनवर खरंच ते माइकचं चित्र होतं. उजमानं लावून दिलेलं. नवा फोन घेतला तेव्हा त्यांनी दुकानदाराला दम देऊन ते चित्र आधी इकडे आणायला लावलं होतं. भाभींना खिशात घेऊन फिरतोय अशा समजुतीत हा माणूस दोन वर्षं होता.

ही समजूत वासिफनं मोडली. औरंगपुऱ्यात त्याचं दुकान आहे. बाप होता तेव्हा तिथे कॅसेटी भरून मिळत. मग मेमरी कार्डात गाणी भरून मिळायला लागली. 'गाणी भरून मिळतील' ही पाटी अजून आहे, पण हल्ली कुणी काही भरून घेत नाही, लोक फोनच्या काचेला प्लास्टिक लावायला येतात.

"चाचा, हे नुसतं दार हाय," वासिफ म्हणाला. "घर तिकडं, दुसऱ्याच्या जागेत. घर पाडलं की दार उघडून काय दिसणार तुम्हाला?"

"मग घरातलं सामान काढ की बाहेर."

"सामान कुठं ठेवलंय तेच दिसत नाय. ज्यानं हे बनवलं त्यानं लई बंदोबस्त केलाय. वाजेल तेव्हाच धरायचं."

वाजणार शुक्रवारी. महिनाअखेरीपर्यंत शुक्रवार उरले होते दोन.

पहिल्या शुक्रवारी आम्ही वासिफच्या दुकानात बसलो. त्यानं कमरभाईंच्या फोनवर काहीतरी लावलं, म्हणाला स्क्रीनवर जे होईल ते आपोआप टिपलं जाईल. शटर अर्धं ओढलं. 'लग्नघर' लागलं. नानासाहेबांचा आवाज आला आणि कमरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ऐकताना माणूस मेलेला होता ना. भाभींचं गाणं आलं, गेलं. कमरभाई तोंडावर रुमाल धरून बसले होते, हूं की चूं नाही. वासिफनं बटण दाबलं आणि टिपलेलं लावलं.

माइकचं चित्र आलं. आवाज नाही.

वासिफनं पुढे केलं, मागे केलं, फोन कानाला लावला. मग कपाळावर हात मारून घेतला. "आवाजाचं वेगळं बटण असतं हो चाचा. या फोनला ते बंद राहतं."

मी भडकलो. बापाच्या वेळची पाटी लावतोस आणि एवढंही कळत नाही का, वगैरे बरंच बोललो. कमरभाईंनी मला दंडाला धरून खाली बसवलं आणि ते मुकं चित्र शेवटपर्यंत बघितलं. एका जागी त्यांचा हात थोडा उचलला गेला. चित्रात काहीच हलत नव्हतं, तरी राखेची ओळ कुठे आली असेल ते त्यांना बरोबर कळत होतं.

दुसऱ्या शुक्रवारची आम्ही लग्नासारखी तयारी केली. एक भरवसा नको, दोन ठिकाणी धरायचं. वासिफ दुकानातल्या कम्प्युटरवर धरणार, आणि घरी आम्ही दोघं दोन फोनांवर. कमरभाईंच्या फोनवर गाणं वाजवायचं, माझा फोन पुढ्यात ठेवून त्यात ते भरायचं. वासिफनं आदल्या दिवशी येऊन जागा आखून दिली. फोनखाली टॉवेल, दार बंद, पंखा बंद. "आणि तोंडातून शब्द काढायचा नाय," त्यानं कमरभाईंना बजावलं. "वाह बिह काय नाय."

"नाय काढत."

परभणीहून उजमाचा फोन. तिला सगळं कळलं होतं. "अब्बा, मिळालं की लगेच मला पाठवा. एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं. मग कुठं जात नाय."

एप्रिलची दुपार. पंखा बंद केल्यावर खोलीची भट्टी झाली. कमरभाई नमाजेहून आलेले, अंगात पांढरा कुडता, तो पाठीला चिकटलेला. फोनांवर वाकून आम्ही दोघं समोरासमोर बसलो. माझ्या फोनवर लाल ठिपका लुकलुकत होता. मला वाटलं, गुडघ्याचा कटकट आवाजसुद्धा जाईल यात.

"आता ऐकू या," नानासाहेब म्हणाले, "बिडकीनची एक बाई."

"अनिसा," कमरभाई म्हणाले. "अनिसा नाव होतं तिचं."

मी डोळे वटारले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, मान हलवून माफी मागितली. ढोलक सुरू झाली. पहिल्यांदा राखेची ओळ आली, ते गप्प. दुसऱ्यांदा आली, गप्प. मी त्यांच्याकडे बघत होतो. तोंडावरच्या हातांची बोटं पांढरी पडली होती. तिसऱ्यांदा भाभींचा आवाज 'राख'वर चिरकला आणि हा माणूस हात काढून म्हणाला, "वाह! वाह, अनिसा!"

शेवटचं वाजत होतं. ज्यांनी सासऱ्याच्या भीतीनं एकदा तोंड मिटलं त्यांना आज मी कुठल्या तोंडानं गप्प करणार होतो? गाणं संपलं, मी लाल ठिपका बंद केला, पंखा लावला. आम्ही दोघं घामानं निथळत एकमेकांकडे बघून हसलो.

"बिघडवलं व्हय मी?"

"काय बिघडत नाय. गाणं तर सगळं झालं. मध्ये तुमचं एक वाह राहील."

"राहू दे मग," ते म्हणाले. "उजमाला दोघांचाबी आवाज होईल. चांगलंच झालं." आणि खरंच त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, इथं नको ऐकायला, वासिफकडं जाऊ, त्याच्या मोठ्या स्पीकरवर ऐकू. जाताना पेढे घेतले. मीच घेतले.

औरंगपुऱ्यात रिक्षा आत जाईना. सकाळपासून पाइपलाइनसाठी रस्ता खणत होते आणि खोदता खोदता केबल तुटली होती. अख्ख्या गल्लीचं नेट गेलेलं. वासिफ दारातच उभा होता. त्यानं स्वतःच्या मोबाइलचं नेट कम्प्युटरला जोडून बघितलं होतं, पण गर्दीत रेंज धड नाही, गोल गोल फिरत राहिलं. जे मिळालं ते त्यानं लावून दाखवलं. नानासाहेब म्हणाले, "आता ऐकू या बिडकीनची एक," आणि थांबले.

"असू दे रे," कमरभाई म्हणाले. "आमच्याकडं आलंय. हे घे, पेढा घे आधी."

वासिफनं माझा फोन स्पीकरला जोडला. आधी काहीच नाही. मग दुकानभर, अगदी कानाशी उभं राहून बोलावं तसा स्वच्छ आवाज आला. "अनिसा. अनिसा नाव होतं तिचं."

मग शांतता. लांबवर, भिंतीपलीकडे कुणी पाणी तापत ठेवावं तसं काहीतरी. ढोलक नाही, गाणं नाही. बराच वेळ तसंच. मग पुन्हा तो स्वच्छ आवाज. "वाह! वाह, अनिसा!"

वासिफनं आवाज पूर्ण वाढवला. पाणी तापल्याचा आवाज वाढला, इतकंच. त्यानं फोन कम्प्युटरला जोडला, दोन-तीन ठिकाणी काही काही फिरवलं. आमच्याकडे पाठ करूनच तो म्हणाला, "काका, हे बोलणं भरायचं यंत्र हाय, गाण्याचं नाय. समोर माणूस बोलतोय तेवढं हे ठेवतं. मागचं सगळं गोंगाट समजून पुसून टाकतं."

"मग हे गप बसले असते तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काय सांगावं. कदाचित आलं असतं. कदाचित तेबी पुसलं असतं."

कमरभाई स्टुलावर बसले. मला वाटलं रडतील. ते रडले नाहीत. हातातला पेढा त्यांनी कागदात परत गुंडाळून ठेवला. बाहेर खोदकाम चालूच होतं आणि प्रत्येक दणक्याला काउंटरवरच्या काचा वाजत होत्या. मी म्हटलं, अजून दोन-चार दिवस आहेत, काहीतरी करू. काय करू ते मला ठाऊक नव्हतं. शुक्रवार उरला नव्हता.

कमरभाई म्हणाले, "वासिफ, हे पुसून टाक."

"चाचा, राहू द्या. तुमचा आवाज तरी हाय."

"नाव हाय त्यात तिचं. नाव कुठं घ्यायचं नाय म्हणाली होती. आवाज घ्या म्हणाली होती." त्यांनी पेढ्याची पुडी बाजूला सारली. "आपण उलटं केलं."

मी म्हटलं, कमरभाई, आज नको, चार दिवसांनी ठरवा. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तीस वर्षं बसमध्ये शेजारी बसलेला माणूस, त्यांची ही नजर मी पहिल्यांदा बघत होतो. वासिफनं फोन माझ्या हातात दिला. त्याच्याच्यानं ते होईना. फोननं विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? मी त्यांच्यासमोर धरला. त्यांनी स्वतःच्या बोटानं काढलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. उजमाच होती. फोन स्पीकरवर नव्हता, पण तिचा आवाज आम्हाला ऐकू येत होता, इतकी ती घाईत होती. "अब्बा, आलं का? पाठवा ना."

"नाय आलं, बेटा."

"थोडंपण नाय? खराब आलं असलं तरी चालेल. एक ओळ तरी?"

"काहीच नाय आलं," कमरभाई म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून बसले. तिकडे ती रडत होती.

पुढच्या शुक्रवारी मी सवयीनं गेलो. त्यांनी चहा केला. माइकचं चित्र फोनवर होतंच. त्यांनी ते दाबलं, पांढरं पान आलं आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी, की असं काही सापडत नाही. त्यांनी फोन टॉवेलवर ठेवला, जसा त्या दिवशी ठेवला होता. आम्ही बसून राहिलो. मग मला वाटतं त्यांच्या हिशेबानं नानासाहेब येऊन गेले असतील, ढोलकही सुरू झाली असेल, कारण ते जरा पुढे वाकले. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. हात उचललाच नाही त्यांनी.

"आता तिसरी," थोड्या वेळानं ते म्हणाले. "झाली."